रिकाम्या सीटचं वजन

त्या सकाळी एन्सेनादात समुद्रावरून इतकं धुकं आलं की मी वळण चुकले आणि आमच्या वाळवंटी शर्यतीच्या बग्गीची ट्रॉली भलत्याच गॅरेजच्या फाटकात नेली.

"मागून खाली बसलीय तुमची बग्गी," आतून एकजण म्हणाला. "शॉकॲब्सॉर्बर थकलेत."

"मी फक्त पत्ता विचारायला थांबलेय."

"सांगतो. पण दोन खड्ड्यांनंतर परत इथंच याल."

तो एलिसेओ. गॅरेज त्याच्या चायो आत्यांचं. बग्गी मी तिथंच ठेवली.

सान फेलिपेची शर्यत बारा दिवसांवर होती. गेल्या वर्षी वाळूच्या उंचवट्यांवर मागची चाकं उसळली आणि मी नि माझा भाऊ ओमार उलटलो. यंदाही शर्यत अर्धवट राहिली तर बाबा बग्गी विकणार होते.

नुसते लांब शॉकॲब्सॉर्बर घालावेत, की मागची चाकं धरणारे दांडेही बदलावेत? स्प्रिंग मऊ की कडक? मी रोज ठरवून जायची आणि गोंधळून परतायची. तो नीट समजावायचा, पण... त्याच्या पापण्यांवर धूळ बसलेली असायची, आणि मी आकडे विसरायची.

"शेजारी कोण बसणार?" एकदा त्यानं विचारलं. "भरलेली टाकी, सुटं चाक, दोन माणसं – एवढं वजन धरूनच स्प्रिंग ठरते."

ओमारला मुलगी झाली होती. त्यानं आपलं हेल्मेट माझ्या हातात ठेवून माघार घेतली होती.

"अजून... कोणी नाही."

"बरं," म्हणत त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

पाच दिवस उरले तेव्हा दांडे तेच ठेवून नवे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगा बसल्या. टाकी भरून, सुटं चाक चढवून मी आत बसले. मागची बाजू कुठवर खाली यायला हवी त्याची रेघ एलिसेओनं खडूनं मारली होती; चायो आत्यांनी तिथं मोजायची टेप लावली.

"खडूच्या रेघेपेक्षा बोटभर वर आहे गं."

"स्प्रिंग कडक झाली," मी म्हणाले. "तुमचा हिशेब चुकला."

"नाही चुकला. शेजारची सीट रिकामी आहे."

"कुणाचं वजन धरलंत?"

तो फडक्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"अठ्ठ्याहत्तर किलो."

"कुणाचं?"

तो शेजारच्या सीटवर चढला आणि त्यानं पट्टा लावला. बग्गी हलकेच खाली बसली.

"आली रेघेवर," आत्या म्हणाल्या. "मेल्या, आता तरी बोल."

"विचारणारच होतो... पण ह्या रोज स्प्रिंगचंच काढायच्या."

मला काय वाटत होतं ते मलाच नीट कळत नव्हतं. मी समोर बघत म्हणाले, "ओमारचं हेल्मेट तुला मोठं होईल."

त्यानं सीटखाली हात घातला.

"माझं आणलंय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून इथंच आहे."