समाधानाचा नमुना

सौख्यविहार वसाहतीच्या प्रयोगशाळेत भिंतभर दिवे होते, घरटी एक. शलाका कारखानीसच्या घराचा दिवा पुन्हा लाल झाला होता. आज संध्याकाळपर्यंत तो हिरवा झाला नाही, तर तिला आणि तिच्या नवऱ्याला वसाहत सोडावी लागणार होती. असमाधानी जोडप्यांमुळे शेजारी बिघडतात, असं समितीचं मत होतं. समित्यांना मतं फार असतात.

"स्वरतोलक चुकत नाही," डॉ. हेमंत जावडेकर आपल्या या सहायिकेला म्हणाले. घराघरांत बसवलेलं ते यंत्र त्यांचंच होतं. "तो शब्द ऐकत नाही. आवाजाचा चढउतार, ताण, दोन वाक्यांमधला थांबा, एवढंच समाधानी आवाजाच्या नमुन्याशी ताडून पाहतो."

"सर, नमुना कुठून घेतला होता?"

"पहिल्या वर्षीच्या हळदीकुंकवातून. सगळ्या बायकांचे उखाणे ध्वनिमुद्रित केले. नवऱ्याचं नाव घेताना बाई जितकी प्रसन्न असते, तितकी एरवी कुठे?"



"सर, मीही होते तिथे. सकाळीच आमचं कडाक्याचं वाजलं होतं. तरी उखाणा घेतला, चांगला लांबलचक. चारचौघांत रडक्या आवाजात कोण नाव घेतं? तुमचं यंत्र तो चारचौघांतला आवाज मोजतंय. आम्ही घरी भांडतो, खिदळतो, तोंडाला येईल ते बोलतो. म्हणून लाल."

डॉक्टरांना राग आला, पण क्षणभरच. त्यांची नजर भिंतीवर गेली.

"म्हणजे जो दिवा कधीच लाल झाला नाही..."

शलाका खाली बघू लागली. तो दिवा डॉक्टरांच्याच घराचा होता. त्याबद्दल समिती त्यांना दरवर्षी चांदीचं तबक देई.

त्यांनी घरी बायकोला फोन लावला.

"तुमचीच वाट बघतेय," उज्ज्वला म्हणाली. "मटार उसळ केलीय, तुम्हाला आवडते ना." आवाज गोड, शब्द न् शब्द जागच्या जागी. वर्षानुवर्षं हाच आवाज ऐकून ते निर्धास्त झोपत आले होते. आज मात्र त्यांनी तो कान देऊन ऐकला.

"उज्ज्वला, खरं सांग. तू सुखी आहेस?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अहो," ती म्हणाली. हा आवाज डॉक्टरांनी कधीच ऐकला नव्हता. "यंत्र बंद करून विचारताय, की चालू ठेवून?"

त्यांनी मुख्य कळ खाली ओढली. भिंतीवरचे सगळे दिवे विझले.

"बंद केलं."

"मग नीट बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."