टॉवेलाखालचा सौदा

राजापेठेतल्या फिजिओथेरपीच्या त्या छोट्या खोलीत साधनाचं खरं भांडवल म्हणजे तिचा उजवा हात. कुठला स्नायू ताठ, कुठला सैल, हे मशीनच्या आधी तिच्या अंगठ्याला कळायचं. त्याचा तिला गर्वही होता, खोटं कशाला बोला.

खुशालराव चांदूर बाजारच्या बैलबाजारातले दलाल. मोटारसायकलवरून पडले आणि उजव्या हाताच्या नसा मानेजवळ मुळापासून तुटल्या. हात ओल्या धोतरासारखा लोंबायचा.

"ढिला सोडा," साधना सवयीनं म्हणाली.

"ढिलाच हाय बाई थो," त्यांची बायको माणिकबाई म्हणाली. "कावून असा झाला?"

"आपण झोपलो तरी नस स्नायूला थोडा थोडा निरोप देत राहते, म्हणून हात भरीव लागतो. इथं तारच तुटली."

तिनं गरम टॉवेल त्या हातावर टाकला आणि खालून आपला उजवा हात घालून तळवा चाचपला.

टॉवेलाखाली तिची तीन बोटं धरली गेली.

खुशालराव खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते.

"काका, बोटं हलवली तुम्ही?"

"मले तं काईच समजून नाई राहिलं."

तिनं टॉवेल उचलला. हात तसाच, लुळा. तुटलेल्या नसेतून निरोप येणार कुठून? तिनं आपली बोटं मागे घेतली. पण माणसाचा हात परत येत असेल तर? तिनं टॉवेल पुन्हा टाकला आणि हात खाली घातला.

आता चार बोटं. मग अख्खा पंजा.

"येतोय काका, हात येतोय!" भीती विसरून तिनंही तो हात घट्ट दाबला.

माणिकबाईचा चेहरा उतरला. "बाप्पा! दाबलं का तुमी?"

"हो. का?"

"बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतेत. समोरच्यानं दाबलं का सौदा पक्का."

"कसला सौदा?"



खुशालरावांचा अंगठा हलला. मग बोटं. माणिकबाई रडू लागली.

साधना टॉवेल बाजूला करायला गेली. टॉवेल हलला नाही. तिचा हात खालीच पडून होता.

खुशालराव पुढे वाकले. त्यांनी उजव्या हातानं टॉवेल दूर सारला, तिचं मनगट उचललं आणि ती नेहमी दाबायची नेमकी त्याच जागी अंगठा टेकवला.

"ढिला सोडा," ते म्हणाले, आणि दाबलं.

दाबलेलं तिला फक्त दिसत होतं.