हंगामातून एकदाच

मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांचं कपडे धुण्याचं दुकान होतं. पण एखाद्या गिऱ्हाइकाने थंडीचा कोट काउंटरवर टाकला की ते असं काही पाल्हाळ लावत, की सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणू लागली होती. लोकरीचा कोट हंगामातून एकदाच धुवावा, थंडी सरली की, आणि मगच कपाटात ठेवावा. रोज अंगात असेल तर फार तर दोनदा. एरवी आठवड्याला ब्रश फिरवा, वाऱ्यावर टांगा, डाग पडला तर तेवढाच डाग काढा.

"लोकरीत मुळातच तेल असतं," ते बोट वर करून सांगत. "दर धुण्याला ते थोडं थोडं जातं. तेल गेलं की ऊब गेली. मग कोट नुसता दिसायला."

इस्त्रीच्या टेबलामागून बायको म्हणायची, "कमी धुवा म्हणून सांगणारा लाँड्रीवाला जगात एकच असेल. तो नेमका माझ्या वाट्याला आला."

एका कोटाबद्दल मात्र मास्तर कधी चकार शब्द काढत नसत. गडद राखाडी, जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा तो कोट त्यांच्या थोरल्या भावाचा होता.

दादा रस्त्यांच्या मोजणीच्या खात्यात होता. सात वर्षांपूर्वी, थंडीच्या सुरुवातीला, त्याच्या कोटावर चहा सांडला. डाग तेवढा काढला असता तर तासाभराचं काम होतं. पण मास्तरांनीच हौसेने म्हटलं, आणलाच आहेस तर पुरता धुऊन देतो. घाटातल्या नव्या रस्त्याच्या मोजणीला निघायच्या दिवशी सकाळी दादा दुकानात आला, तेव्हा कोट धुऊन वाळला होता, इस्त्री राहिली होती.

"तसाच दे. गाडी चुकेल."

"इस्त्रीशिवाय माझ्या दुकानातून कपडा जात नाही. दहा मिनिटं थांब."

दादाने घड्याळ पाहिलं, हसला, "तुझी इस्त्री तुला लखलाभ" म्हणाला आणि नुसत्या स्वेटरवर निघून गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो घाटातल्या तंबूतून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. अकरा दिवस माणसं शोधत होती. वर बर्फ पडलं होतं. स्वेटरसुद्धा मिळाला नाही.

मास्तरांनी कोटाला इस्त्री केली आणि तो वहिनींना नेऊन दिला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "राहू दे. आले की लागेल." त्या दिवसापासून मास्तरांच्या छातीत काहीतरी रुतून बसलं होतं आणि ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. वहिनी दर वर्षी थंडी सरताना कोट घेऊन येत, मास्तर तो धूत, इस्त्री करत, आणि कोट पुन्हा कपाटात जाई. त्यावर कधी डाग नसे. नुसती कपाटातली धूळ.

या वर्षी वहिनी थंडी पडायला लागली तेव्हाच आल्या.

"भाऊजी, रागावू नका. पण गेल्या खेपेला कोट नीट धुतला नव्हता का?"

मास्तरांना ते लागलं. त्यांनी कोट उघडून दिव्याखाली धरला. उजव्या बाहीवर बोटभर लांब, पिवळसर, चिकट डाग होता. झाडाची राळ. तिच्यात सुईसारखं एक हिरवं पान अडकलं होतं, अजून ताजं. मास्तरांनी तीस वर्षं डाग काढले होते. कुठल्या डागाला टर्पेंटाइन, कुठल्याला नुसतं गार पाणी, हे ते वासावरून सांगत. ही राळ ज्या झाडांची, ती गावात नव्हती. वर घाटात होती.

"हा मी बघितला असता तर सोडला असता का?" ते म्हणाले.

"म्हणून तर विचारते."

त्यांनी राळ काढली, कोट धुतला, दिला. वहिनींनी हल्ली कोट कुणाला घालायला दिला असेल, असं त्यांनी मनाशी धरलं आणि तिथेच तो विषय सोडला.

तीन आठवड्यांनी वहिनी पुन्हा दारात. या वेळी कोटाच्या खांद्यांवर आणि पाठीवर पांढरी, बारीक, खरखरीत पूड होती. मास्तरांनी चिमटीत घेऊन चोळली. दगडाची खाण घाटाच्या पायथ्याशी होती. तिथले कामगार त्यांच्याकडेच कपडे टाकत, ही पूड ते डोळे मिटूनही ओळखत.

"वहिनी, खरं सांगा. कोट कुणाला दिलाय?"

त्यांचा चेहरा उतरला. "कपाटाला कुलूप असतं भाऊजी. किल्ली माझ्या उशाखाली. मी त्यांचा कोट दुसऱ्याच्या अंगावर घालीन, असं वाटलं तुम्हाला?"

मास्तर ओशाळले. मग त्यांनी आपल्या पद्धतीने छडा लावायचं ठरवलं. कोट धुऊन त्यांनी जाड कापडी पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड स्वतःच्या हातांनी शिवून टाकलं. दुहेरी दोरा, दर टाक्याला त्यांची नेहमीची उलटी गाठ. तशी गाठ गावात दुसरं कुणी मारत नसे.

पंधरा दिवसांनी वहिनी पिशवी परत घेऊन आल्या, शिवण तशीच. एकेक गाठ त्यांनी भिंगाखाली तपासली. सगळ्या त्यांच्याच होत्या. मग कात्रीने टाके उसवले.

कोटाच्या डाव्या कोपराला पीठ लागलं होतं. गव्हाचं, ताजं, किंचित कोमट वासाचं. कॉलर आतून ओली होती. मास्तरांनी बोट लावून हुंगलं. घाम होता.

पिठाची गिरणी वहिनींच्या घरामागच्या वळणावर होती. तिथला रस्ता अरुंद आहे. गाडी आली की माणसाला भिंतीला कोपर टेकून उभं राहावं लागतं, आणि भिंत नेहमी पिठाने माखलेली असते.

राळ. खाण. गिरणी.

मास्तर खुर्चीवर बसले. बायकोने पाणी आणून दिलं, ते त्यांनी न पिताच काउंटरवर ठेवलं.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "दादा येतोय."

 बायकोने कोटाकडे पाहिलं आणि इस्त्रीची वायर काढून ठेवली.

वहिनी काउंटरपाशीच उभ्या होत्या. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या खेपेपासून त्यांना काय वाटत होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. सात वर्षांत मास्तरांनी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"धुऊ नका आता," त्या म्हणाल्या. "असाच द्या. मी घरी नेऊन खुर्चीवर ठेवते."

मास्तरांनी कोट उजेडात धरला. एका हंगामात दोनदा धुतलेला, त्याआधी सात वर्षं दर वर्षी. कोपराजवळ लोकर एवढी झिजली होती, की पलीकडच्या दिव्याची तार दिसत होती. असा कोट दादाच्या अंगावर? आयुष्यभर ज्या गोष्टीवर त्यांनी लोकांना भाषणं दिली, ती त्यांच्याच हातून त्यांच्याच भावाच्या कोटाला झाली होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"धूत नाही. पण कोपराला रफू करतो. यातून वारा जाईल, वहिनी. दोन दिवस द्या."

"भाऊजी, आज न्यायचा होता."

"फाटका कोट कसा देऊ? दोन दिवसांनी काय बिघडतं?"

वहिनी बराच वेळ कोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग गेल्या.

रफूच्या कामाला मास्तर इतका जीव ओतून कधी बसले नव्हते. कोटाच्या आतल्या शिवणीतूनच धागे ओढून त्यांनी कोपर विणायला घेतलं, म्हणजे रंगात तसूभर फरक पडायला नको. पहिला दिवस निम्म्या कामातच संपला. कोट रात्री दुकानात, कुलपात राहिला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शेवटची ओळ राहिली होती. ऊन काउंटरवर आलं होतं. मास्तर तेवढ्यापुरते उठले, खिडकी लोटली, परत आले.

कोटाच्या डाव्या खांद्यावर हिरवा पट्टा होता.

त्यांनी बोट लावलं. बोट हिरवं झालं. तेलाचा रंग, ओला.

दुकानात रंगाचा डबा नव्हता. बायको बाजारात गेली होती. पुढचं दार आतून बंद होतं.

त्यांनी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, घरात रंगकाम काढलंय का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" वहिनींचा आवाज हसरा होता. "दाराला लावून घेतला. ते येणार, म्हटलं, दार तरी चांगलं दिसू दे. रंगारी आत्ताच गेला."

"हिरवा?"

"हो."

"दाराला खांदा लागल्यासारखा डाग आहे का? बघा जरा."

पावलं वाजली. दार कुरकुरलं.

"बाहेरून नाही हो. स्वच्छ आहे."

मास्तरांनी श्वास सोडला.

मग दार पुन्हा कुरकुरलं.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "आतल्या बाजूला आहे."

मास्तरांनी कोटाकडे पाहिलं. सुई कोपरात तशीच टोचलेली होती. चार टाके राहिले होते.

फोनमध्ये काहीतरी वाजत होतं. बारीक, भरभर, थांबून पुन्हा. मास्तरांना कळायला वेळ लागला. दात वाजत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"मला?" वहिनी म्हणाल्या. त्या बोलत होत्या तेव्हाही तो आवाज थांबला नव्हता. "मला नाही वाजत, भाऊजी."