पुलाच्या चढावरचं ओझं

मी मोटरसायकली दुरुस्त करतो. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं... म्हणजे, यायचं. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. आणि रात्रीची नाही, भर दुपारची.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा. आईवडील लवकर गेले, त्याला बायकोनेच लहानाचं मोठं केलं. घरात काहीही चांगलंचुंगलं केलं की आधी त्याच्या ताटात पडायचं. मग उरलंसुरलं या नवऱ्याला.

त्याचं काम सोपं होतं. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि रेल्वे यार्डापलीकडच्या लॅबमध्ये पोचवायचे. यार्डावरून एक लांबलचक पूल जातो. रोज दुपारी त्याची मोटरसायकल त्या पुलावरून जायची.

एक दिवस तो घामाघूम होऊन गॅरेजमध्ये आला.

"भाऊजी, दुपारी पुलाच्या चढावर गाडी पिकअपच घेत नाही. सकाळी मात्र मस्त पळते."

"ऊन बघितलंस का बाहेर? हवा तापली की विरळ होते. इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. त्यात ऑइल पातळ होतं. दुपारी इंजिन ढेपाळणारच. तुझी बहीण नाही का, जेवण झालं की जागची हलत नाही."

"ऐकू येतंय मला!" गॅरेजवरच्या आमच्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

आम्ही दोघं खूप हसलो.

मी ऑइल बदललं. इंजिनाच्या पात्यांमध्ये अडकलेला चिखल खरवडून काढला, म्हणजे वारा नीट लागेल. कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग बसवला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

या वेळी तो हसत नव्हता.

"भाऊजी... गाडी मागून जड होते."

"म्हणजे?"

"कुणीतरी येऊन बसल्यासारखी."

मी त्याला वेड्यात काढलं. पण तो जेवायला वर गेल्यावर मी वाकून मागचं चाक बघितलं.

मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासल्याची ताजी खूण होती.

दोन भरभक्कम माणसं बसली तर गाडी एवढी दबते. माझा मेहुणा म्हणजे काडीपैलवान, आणि तो कायम एकटाच फिरायचा. उन्हाने इंजिनाची ताकद कमी होते, हे खरं. पण उन्हाने शॉकअप दबत नाही.

हे मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "चल, आज मी मागे बसतो. आवाज ऐकल्याशिवाय बिघाड कळायचा नाही."

सीट इतकी तापली होती की बसताना चटका बसला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुलापर्यंत इंजिन एकसारखं चाललं होतं. मी कान देऊन होतो.

चढ सुरू झाला...

इंजिनाचा आवाज बसला. गाडी मागून हळूच खाली गेली, कुणी बेताने पाय टाकून बसावं तशी.

माझ्या मांड्यांखालची सीट गार पडली.

"भाऊजी, खांदा सोडा ना," मेहुणा म्हणाला. "केवढा गार आहे हात तुमचा."

माझे दोन्ही हात सीटमागच्या दांड्यावर होते.

मी समोर बघितलं. निघताना मी त्याला चिकटून बसलो होतो. आता मी पार मागच्या टोकाला होतो आणि आमच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. पुढे सरकायला गेलो... सरकता येईना. माझे गुडघे कशाला तरी टेकले होते.

त्याच्या खांद्यावर शर्टाचं कापड दबलेलं होतं.

मी मागचा दांडा आणखी घट्ट धरला.

पूल उतरलो आणि गाडी हलकी झाली. त्याने आरशातून माझा चेहरा बघितला आणि त्याला सगळं कळलं.

त्या संध्याकाळी मी गाडीचा नट न् नट सुटा केला. काही सापडलं नाही. गाडी भंगारात घातली. मेहुण्याने काम सोडलं. मला वाटलं, सुटलो.

दोन-चार दिवसांनी दुपारी तो गॅरेजमधून वरच्या खोलीत जायला निघाला. लोखंडी जिना आहे, पाय पडला की वाजतो. मी खाली काम करत होतो.

त्याचं एक पाऊल वाजलं... आणि मागोमाग आणखी एक, जड.

अर्ध्या जिन्यात तो खाली बसला. "भाऊजी, चढवत नाही हो."

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. थंड ठिकाणी न्या, विश्रांती द्या.

म्हणून मी ओळखीच्याची कार आणली आणि त्याला डोंगरावर त्यांच्या मावशीकडे न्यायचं ठरवलं. तो मागच्या सीटवर अगदी दाराला चिकटून बसला होता. बायको दुसऱ्या बाजूने आत बसायला गेली.

"ताई, तू पुढे बस."

"का रे? एवढी जागा आहे की."

त्याने बाजूच्या मोकळ्या सीटकडे बघितलं.

"नाहीये, ताई," तो म्हणाला.

ती पुढे येऊन बसली. मी तरी काही बोलेन म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी गाडी सुरू केली. घाटात कार सारखी धापा टाकत होती, आणि मी आरशात बघायचं टाळत होतो.

तापात बरळला असेल, असं तिने नंतर ठरवून टाकलं.

थंडीत तो बरा होता. अंगावर मांसही चढलं होतं म्हणे. आता पुन्हा ऊन सुरू झालंय.

काल दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "भाऊजी, रात्री तरी जायचा तो. आता जातच नाही. ताईला सांगू नका."

आणि फोन बंद झाला. परत लावला, तर उचलला नाही.

"काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

"मजेत आहे."

"तुमचा चेहरा बघून वाटत नाही तसं. मी उद्या जाऊन येते त्याच्याकडे. एकटं वाटत असेल बिचाऱ्याला."

सकाळपासून ती बॅग भरतेय. मी हातात पाना धरून दारात उभा आहे. काय सांगून हिला थांबवू, तेच सुचत नाही.