सातवं झाकण

गोष्टींना तिखटमीठ लावायची मला खोड आहे, हे मान्य. पण ह्या गोष्टीत ते लावायला जागाच नाही.

एकसष्ट सालचा मार्च. डांबरात चपला रुताव्यात असं मद्रासचं ऊन. मैलापूरच्या एका बोळात गुरुराज नावाचा तरुण संशोधक गटाराचं सातवं झाकण उघडून बसला होता. काम घाणेरडं, पण सरळ. गॉजची पुरचुंडी दोऱ्याने खाली सोडायची, तीन दिवसांनी ओढायची, पिळून ते पाणी काचपात्रातल्या माकडाच्या पेशींवर घालायचं. पेशी मेल्या, की समजायचं, आसपासच्या कुठल्यातरी घरात पोलिओ शिरलाय.

सातव्या झाकणाच्या पाण्याने पेशी आतापर्यंतच्या दोन्ही खेपांना मेल्या होत्या. आणि झाकणासमोरच त्याच्या थोरल्या बहिणीचं घर. बोळात तंजावरची जुनी मराठी बोलणारं तेवढं एकच.

"आले गटाराचे डॉक्टर!" कनकाक्का ओसरीवरून ओरडली. "पाय धुवूनच आंत ये हो!"

तिची चार वर्षांची सरोजा तुंबलेल्या पाण्यात उभी होती. "मामा, एथें बेडूक आहे!"

कचेरीत त्याचे वरिष्ठ वेंकटरमणसाहेब, त्यांनी अहवाल वाचून चष्मा काढला. "रथोत्सव दहा दिवसांवर आलाय. घबराट माजली तर निस्तरणार कोण? 'आढळला नाही' लिही. तुला कायम करायचा कागदही माझ्याच टेबलावर आहे."

गुरुराजने लिहिलं. अक्कालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तिने सगळं मैलापूर उठवलं असतं.

उत्सव थाटात झाला. चौथ्या दिवशी सरोजाला ताप भरला. हातपाय वाचले, घसा गेला. महिन्याने पोर इस्पितळातून घरी आली ती नाकात नळी घेऊन. तोंडातून शब्द नाही.

"तूं तर दारांतच बसायचास," अक्का म्हणाली. "तुला कांहींच दिसलं नाही रे?"

"नाही, अक्का."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुब्बाने, त्याच्या मदतीच्या गडीमाणसाने, पहारीने झाकण उचललं. ऊबट, आंबूस वाफ वर आली. खालचं पाणी हलत नव्हतं. गुरुराजने दोरा ओढायला घेतला.

"मामा..."

त्याने चमकून ओसरीकडे पाहिलं. सरोजा भिंतीला टेकून बसली होती. ओठ मिटलेले.

"मामा, मी एथें आहें... वर घे की..."

"सुब्बा... ऐकलंस?"

"ऐकलं, सार," सुब्बा नजर वळवून म्हणाला. "पण ही भाषा मला कळत नाही."

आठवड्याने पेशी पुन्हा मेल्या. गुरुराज लेखणी घेऊन कचेरी बंद होईपर्यंत बसला. आता 'आढळला' लिहिलं, तर आधीचं 'आढळला नाही' कुणाच्या अक्षरातलं, हे अक्का पहिल्यांदा विचारेल. ह्या खेपेला साहेबांनी काहीच सांगितलं नव्हतं. तरी त्याने तेच लिहिलं, आणि अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

पुढच्या खेपेला सुब्बाने झाकण अर्धवट सरकवलं आणि पहार हातातून सोडली.

"सार... आज दोघं आहेत."

गुरुराजने विचारलं, "दुसरं... कोण?"

"तमिळ बोलतेय." सुब्बा गुडघे टेकून अंधारात वाकला. "'अप्पा' म्हणतेय, सार... माझी पोर आहे. सकाळी मला डबा देताना तर चांगली बोलत होती."