न वाढणारं वासरू

मिहिकाने दुधाच्या यंत्राच्या पडद्यावर लाल स्केचपेनने बारीक रेघ मारली, तेव्हा सोसायटीचे वॉचमन गांगुर्डेकाका तिच्यावर ओरडले. तिने रेघ पुसली नाही. ती म्हणाली, "काका, हे मोजमाप आहे."

हे यंत्र 'हंबर' डेअरीचं होतं. किटली खाली धरली की दूध येई, आणि ते येत असताना पडद्यावर तुमच्या वाट्याची गाय दिसे. मिहिकाच्या घरचं दूध तांबू नावाच्या गीर गाईचं होतं. रोज सकाळी तांबू गोठ्यातल्या खांबाजवळ उभी असे, शेजारी तिचं वासरू असे, आणि खाली अक्षरं उमटत : 'आई आणि बाळ सुखात आहेत.'

संक्रांतीला ते वासरू पहिल्यांदा दिसलं, तेव्हा त्याचे कान खांबाच्या खालच्या कडीपर्यंत पोचत होते. आता पाडवा तोंडावर आला होता आणि कान अजून कडीपाशीच होते. तेवढ्या काळात मिहिकाच्या धाकट्या भावाला बूट लहान झाले होते. फाटकाजवळचं पिल्लू भुंकायला शिकून मोठ्या कुत्र्यांशी भांडू लागलं होतं. कॅमेरा हलत नव्हता, खांब हलत नव्हता. म्हणून तिने कानांच्या उंचीवर ती रेघ मारली होती. मग रेघेच्या वर कान जायला हवेत की नाही?

आठवडाभर रोज बघूनही कान रेघेवरच राहिले, तेव्हा ती आबांकडे गेली. तिचे आबा प्राण्यांच्या शरीरात काय कसं चालतं, याचे शास्त्रज्ञ होते. तिचं म्हणणं ऐकून ते चष्मा घसरेपर्यंत हसले.

"शाबास! इतकी माणसं रोज किटली घेऊन येतात, एकाच्याही लक्षात आलं नाही. ते वासरू मी बनवलंय, मिहू."

ते यंत्र होतं. तांबूचं दूध अलीकडे कमी झालं होतं आणि ते तपासायला डेअरीने आबांना रविवारी बोलावलंच होतं. ते मिहिकालाही घेऊन निघाले.

वाटेत त्यांनी तिला पान्ह्याची गोष्ट समजावली. गाईची कास म्हणजे नळ लावलेली टाकी नव्हे. आत असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि बरंचसं दूध त्यांच्यात अडकलेलं असतं, स्पंजात पाणी अडकतं तसं. वासरू कासेला ढुशी देतं, आचळ चोखतं. तो स्पर्श मज्जातंतूंवाटे (शरीरभर पसरलेल्या निरोपाच्या तारांवाटे) मेंदूपर्यंत जातो. मेंदूच्या तळाशी पीयूष ग्रंथी असते. ती रक्तात ऑक्सिटोसिन (रक्तातून निरोप नेणारं एक रसायन) सोडते. ते कासेत पोचलं की पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध खाली उतरतं. हाच पान्हा. गाय घाबरली किंवा बेचैन झाली, तर हा निरोप मध्येच अडतो.

"म्हणजे ती ठरवून दूध देत नाही?"

"चिंच बघून तू ठरवून तोंडाला पाणी आणतेस का? तसंच. त्यातून गीर गायी वासराशिवाय सहसा पान्हवत नाहीत."

आबा लहान असताना शेजारच्यांच्या गाईचं वासरू मेलं होतं. शेजाऱ्यांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं केलं. गाय ते चाटत राहिली आणि दूध देत राहिली. आबांना रात्री जेवण गेलं नव्हतं. पुढे त्यांनी ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं टोचून पान्हा आणवलेल्या गायी पाहिल्या. म्हणून त्यांनी हे ऊबदार, मान हलवणारं, बाळाच्या वासाचं यंत्रवासरू घडवलं. सुई नाही, मेलेलं कातडं नाही. त्यासाठी त्यांना पदकही मिळालं होतं.

मिहिकाने विचारलं, "आणि खरं वासरू कुठंय?"

डेअरीचं फाटक आलं होतं. आबा उतरले.

डेअरीच्या व्यवस्थापक जगदाळे मॅडम त्यांना थेट तांबूपाशी घेऊन गेल्या. यंत्रवासरू रुळावरून सरकत आलं आणि त्याने कासेला अगदी खरी वाटावी अशी ढुशी दिली. तांबूने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. धार काढायच्या नळ्या कोरड्याच राहिल्या. भिंतीवरच्या फलकावर शब्द आले : 'पान्हा चोरते.'

मॅडम म्हणाल्या की असंच चाललं तर तांबूला काढून टाकावं लागेल. आबांनी यंत्रात वासराचा आवाज बसवला तर कदाचित जमेल. आवाजाची अडचण नव्हती. तांबूचाच गोऱ्हा मागच्या कुंपणात दिवसभर ओरडत असे.

"म्हणजे तो इथेच आहे?" मिहिका म्हणाली.

होता. नर वासरं मागे ठेवत, त्यांना भुकटीचं दूध पाजत आणि गाडीभर झाली की पाठवून देत. गाडी उद्या येणार होती. कुठे पाठवता, असं मिहिकाने विचारलं.

"विकतो. पुढचं आम्ही विचारत नाही."

"मी विचारतेय."

मॅडम आबांकडे वळल्या. "सर, नातीला ऑफिसात बसवू का? बिस्किटं आहेत."

मिहिका यंत्रवासराच्या रुळावरच जाऊन उभी राहिली. ते सरकत आलं, तिच्या पोटऱ्यांना ढुशा देऊ लागलं, पण ती हलली नाही.

"आबा, हे वाढत नाही हे मला पडद्यावर कळलं. ती तर त्याला रोज चाटते. तिला कळणार नाही? ती काही चोरत नाहीये. दूध तिच्या बाळाचं आहे. आपण बाळ पळवलं, वर खोटं बाळ दिलं, आणि आता ते रडवणार?"

आबांनी वाकून, ज्या यंत्रासाठी पदक मिळालं होतं त्याची कळ बंद केली. मॅडमना ते म्हणाले की एक प्रयोग करू, खरा गोऱ्हा आणा. इतक्या दिवसांनी गाय त्याला जवळ घेईलच असं नाही, हेही त्यांनी मिहिकाला बजावलं.

गोऱ्हा आला. बरगड्या दिसत होत्या. तांबूने त्याला हुंगलं आणि शिंगाने बाजूला ढकललं. गोऱ्हा ओरडला. तांबूचे कान ताठ झाले. हा आवाज ती भिंतीपलीकडून रोज ऐकत होती. तिने पुन्हा हुंगलं, मग त्याची मान चाटू लागली, आणि तो कासेत घुसला. थोड्याच वेळात त्याच्या तोंडाभोवती फेस आला आणि कोरड्या नळ्यांतूनही दूध वाहू लागलं.

मॅडम म्हणाल्या, "एका वेळेने काही सिद्ध होत नाही. आणि निम्मं त्यानेच प्यायलं."

"त्याचंच होतं," मिहिका म्हणाली.

मॅडमनी सरळ हिशेब सांगितला. वासरू जवळ ठेवलं की दूध कमी होतं, महाग होतं, आणि कुणी घेत नाही. दहा घरांनी घेतलं तर गोऱ्हा राहील, नाहीतर पुढच्या गाडीत जाईल. हसत हसतच त्या म्हणाल्या, पण मिहिकाने ते शब्द पकडून ठेवले.

ती आणि आबा दारोदार फिरले. पान्हा कसा येतो, ते आबा सांगत. गोऱ्हा कुठे जातो, ते ती सांगे. काहींनी दार लावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सानेआजी म्हणाल्या, "वासराचं राहू दे गं, माझ्या चहाचं काय?"

"आजी, तुमच्या चहाला लिंबू चालतं. त्याला काय चालतं?"

दहावं घर सानेआजींचं झालं.

आता कधी कधी पडद्यावर येतं : 'आज तांबूचं दूध कमी आहे. वासरू प्यायलं.' त्या दिवशी मिहिकाच्या घरी कोरा चहा होतो. बाबा कुरकुरतात आणि पितात. जुन्या यंत्रवासराचे भाग सुटे करून आबा गोठ्यासाठी एक दार बनवताहेत. वासराचं पोट भरल्याशिवाय ते धार काढणाऱ्या यंत्राला आत सोडणार नाही.

पावसाळ्याच्या आधी एका सकाळी मिहिका किटली घेऊन उभी होती. तांबू खांबाजवळ आली, मागून गोऱ्हा आला. त्याचे कान लाल रेघेच्या बरेच वर होते.

तिच्यामागे पहिल्या मजल्यावरचे दामलेकाका रांगेत होते. त्यांच्या वाट्याची गाय सोनी पडद्यावर आली, सोबत तिचं छोटंसं, गुटगुटीत वासरू. गांगुर्डेकाका बराच वेळ त्याच्याकडे निरखून बघत होते.

"हे पण दिवाळीपासून एवढंच आहे," ते म्हणाले. "पेन आण गं. या वेळी हिरवं आण."