रिंगचा आवाज कुठून येतो

पृथ्वीवरचे कॉल तळावरच्या फोनांना जोडणाऱ्या ध्वनिद्वार-यंत्राच्या फळीवरचा हिरवा दिवा लागोपाठ दोनदा लुकलुकायचा, मग थोडा वेळ अंधार, मग पुन्हा दोनदा. पृथ्वीवरून आलेला कॉल चंद्रतळावर कुणाच्या तरी फोनवर वाजत असल्याची ती खूण. डॉ. नीरजा हळबे खुर्चीत अंग टाकून त्या दिव्याकडे बघत राहिल्या.

"साळोखेकाकू," संपर्क-अभियंता इम्तियाज मुजावर म्हणाला. "रविवार आहे ना आज."

काकूंचा मुलगा विश्वजित हा खाणविभागातला भूशास्त्रज्ञ. चार महिन्यांपूर्वी विवराच्या उतारावर दरड कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. शोधपथकाला काहीच सापडलं नाही. त्याच्या पोशाखात प्राणवायू होता एका दिवसाचा. तरीही विभागप्रमुख म्हणून नीरजाबाईंनी मृत्यूची घोषणा केली नव्हती. शोध चालू आहे, एवढंच त्यांनी काकूंना गडहिंग्लजला कळवलं होतं.

"काल निरोप आला काकूंचा," त्या म्हणाल्या. "रिंग जाते म्हणजे फोन चालू आहे, आणि फोन चालू आहे म्हणजे तो चार्ज करणारा आहे. दिवस घाला म्हणून भावकी मागे लागली होती, तर सगळ्यांना घराबाहेर काढलं त्यांनी." त्यांनी दिव्याकडे बोट केलं. "त्याच्या शिरस्त्राणातला फोन खरंच वाजत असेल का रे?"

इम्तियाजनं चष्मा काढून डोळे चोळले. "नाही, मॅडम. तिकडून उत्तर पहिल्याच दिवशी बंद झालं. रिंगचा आवाज हे यंत्र काढतं. कॉल आला की ते क्रमांक आपल्या नियमांशी, म्हणजे कुठला क्रमांक कुणाकडे पाठवायचा त्या यादीशी, जुळवतं. नियम सापडला की कॉल पुढे ढकलतं, आणि करणाऱ्याच्या कानात ट्रिंग ट्रिंग वाजवत बसतं. पलीकडे फोन असो नाहीतर दगड."

"म्हणजे इतके दिवस आपणच त्यांना..."

"आपणच. नियम पुसू का, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बघू."

"पुसला तर त्यांना 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं ऐकू येईल?" नीरजाबाईंच्या आवाजात जवळजवळ आशा होती. ते वाक्य कुण्या मुलीनं केव्हाच बोलून ठेवलेलं होतं. कुणालाही नव्यानं तोंड उघडावं लागणार नव्हतं.

"तसं नाही. जुळणी पोस्टमनसारखी असते. घर सापडलं तर घर, नाही तर गल्ली..."

"आता शिकवू नकोस रे. पुस."

दिवा विझला. काकूंनी फोन ठेवला होता. पण त्या नेहमी दोनदा लावत. पहिल्या वेळी पोरगं आंघोळीला गेलं असेल, असा त्यांचा हिशेब. इम्तियाजनं पडद्यावर विश्वजितच्या क्रमांकाचा, ४७१२ चा, नियम शोधला आणि पुसला.

दिवा पुन्हा लुकलुकला. आणि नीरजाबाईंच्या खिशातला फोन वाजू लागला.

त्यांनी इम्तियाजकडे पाहिलं.

"गल्ली," तो हळूच म्हणाला. "तेच सांगत होतो. ४७१२ चा स्वतःचा नियम उरला नाही, म्हणून त्याच्या मागचा लागू झाला. सत्तेचाळीसनं सुरू होणारा क्रमांक खाणविभागाच्या प्रमुखाकडे. तळ उभा राहिला तेव्हा तुम्हीच घालायला लावला होता. माझ्या माणसांच्या घरचा एकही कॉल वाया जायला नको, म्हणालात."

"तोही पुस."

"पुसतो. पण हा कॉल आता जुळलाय, मॅडम. जुळणी एकदाच होते."

फोन वाजत राहिला. या वेळी खरोखरच.

नीरजाबाईंनी तो उचलून कानाला लावला. त्या काही बोलायच्या आतच पलीकडून रडू आणि हसू एकदमच आलं.

"उचललास व्हय रं! रिंग जातीया म्हनून सगळ्यास्नी सांगत हुतो मी. इश्वा? बोल की बाळा. जेवलास का?"

"काकू, मी नीरजा हळबे. त्याच्या विभागाची प्रमुख." त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "शोध मी थांबवतेय. विश्वजित त्याच दिवशी गेला, काकू."